उलटा पंखा

गाडी तापलेली असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे उस्तादांनी आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगितलं, आणि त्यांचे डोळे त्याच झाकणाने घेतले. गिऱ्हाईक घाईत होतं, मागे गाड्या खोळंबल्या होत्या. उस्तादांनी झाकणावर जाड फडकं टाकून थोडंसंच फिरवलं आणि आतलं उकळतं पाणी तोंडावर उसळलं. माझं टायरचं दुकान त्यांच्या गॅरेजच्या शेजारीच. किंकाळी ऐकून मी धावलो तेव्हा ते जमिनीवर गुडघे टेकून बसले होते आणि वहिनी बादलीतलं गार पाणी त्यांच्या चेहऱ्यावर ओतत होत्या. चेहऱ्याची कातडी पुढे भरून आली. डोळे मात्र गेले ते गेलेच.

वहिनी तोवर गॅरेजच्या मागच्या खोलीत गाड्यांची सीट कव्हरं शिवायच्या. इंजिनाशी त्यांचा संबंध एवढाच, की उस्तादांचे कपडे धुताना ऑइलच्या डागांना शिव्या घालायच्या.

कित्येक महिने शटर खाली होतं. उस्ताद घरात भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. मग एका सकाळी ते म्हणाले, "गॅरेज उघड."

"आणि काम कोण करणार?"

"तू. मी सांगतो."

"अहो, मला पाना कुठला नि पक्कड कुठली ते कळत नाही."

"मलाही आईच्या पोटात कळत नव्हतं," उस्ताद म्हणाले. अपघातानंतर त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला विनोद. वहिनींना नाही म्हणवेना.

सुरुवातीचे दिवस ऐकणाऱ्यालाही नकोसे होते. उस्ताद लोखंडी खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे आणि वहिनी बॉनेटखाली वाकलेल्या. "अगं, तो नट नाही, त्याच्या खालचा! हात आहेत की लाटणी?" वहिनी उलटून बोलत नसत. जेवणाच्या सुट्टीत माझ्या दुकानाच्या आडोशाला येऊन डोळे पुसत, तोंड धुऊन परत जात. पण शिवणकामाने त्यांची बोटं तयार होती. वायरी जोडण्यात त्यांचा हात लवकर बसला. उस्तादांचे कानही तिखट झाले होते. गाडी आत येतानाच्या आवाजावरून ते दुखणं सांगत. दोघांचा मिळून एक माणूस झाला होता आणि बरं चाललं होतं.

अशात एक टॅक्सीवाला आला. गाडी सिग्नलला उभी राहिली की तापते, पळताना ठीक असते, अशी त्याची तक्रार.

"म्हणजे पंखा बंद," उस्ताद खुर्चीतूनच म्हणाले. "फ्यूज बघ."

"शाबूत आहे."

"रिले बदलून बघ, पंख्याला करंट सोडणारा तो खटका. हॉर्नचा आणि पंख्याचा सारखाच असतो, तो काढून लाव."

"लावला. काही नाही."

"मग मोटरला थेट बॅटरीवरून करंट दे. हात पात्यांपासून लांब ठेव, चुकून चालू झाला तर बोटं घेऊन जाईल."

वहिनींनी दोन वायरी टेकवल्या. पंखा ढिम्म. मोटर जळली होती. टॅक्सीवाल्याने बाजारातून दुसरी आणली, पण तिचा सॉकेट जुळेना. तो कापून वायरी थेट जोडाव्या लागल्या.

"ह्या मोटरवर कुठली कुठे ते काही लिहिलेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"लिहायला कशाला पाहिजे? निळी डावीकडे, काळी उजवीकडे. जन्मभर हेच केलंय मी."

पंखा चालू झाला. उस्तादांनी मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "झकास."

दोनच दिवसांत टॅक्सी परत आली. आता तर जास्तच तापत होती. उस्तादांनी पंखा ऐकला, तो चालत होता. त्यांनी थर्मोस्टॅट बदलायला लावला. गाडी पुन्हा आली. मग रेडिएटर उतरवून साफ केला, पाण्याचा पंप खोलला. टॅक्सीवाल्याचा धंदा बुडत होता आणि तोंड वाजायला लागलं होतं. उस्ताद त्याच्यावर न चिडता वहिनींवर चिडायचे. "काहीतरी ढिलं ठेवलंयस तू."

त्या दुपारी इंजिन चालू ठेवून सगळे तापमानाचा काटा चढण्याची वाट बघत होते. वहिनी गाडीच्या तोंडासमोर उभ्या होत्या आणि पंखा सुरू होताच त्यांच्या गुडघ्यांना गरम वारा लागला. त्या थबकल्या. एरवी पंखा बाहेरची हवा आत ओढतो. समोर कापड धरलं तर जाळीला चिकटतं, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. त्यांनी सीट कव्हरचा एक तुकडा आणून जाळीपुढे धरला. तो फडफडत बाहेर उडाला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "पंखा उलटा फिरतोय."

"पंखा चांगला चालतोय. मला ऐकू येतंय."

"चालतोय, पण हवा बाहेर फेकतोय. वायरींची अदलाबदल झालीय."

उस्ताद उठले. गाडीला हात लावत लावत पुढे आले आणि जाळीसमोर पंजा धरला. गरम वारा तळव्याला लागला तसा त्यांनी हात मागे घेतला.

वहिनींनी वायरी बदलल्या. काटा खाली आला तो खालीच राहिला. टॅक्सीवाला हसत म्हणाला, "काय उस्ताद, आधी वहिनींनाच विचारलं असतं तर माझा आठवडा वाचला असता!" त्याच्या मनात वाईट नव्हतं. उस्तादही हसले. त्यांचं ते हसणं मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजवर आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. तिसऱ्या दिवशी काही कारणही सांगितलं नाही. मी समजावायला घरी गेलो तर म्हणाले, "आवाजात फरक होता रे. मला कळला होता. नवी मोटर आहे म्हणून सोडून दिला. आणि शिव्या तिला घातल्या."

"मग वहिनींना सांगा की हे."

"काय सांगू? तिला माझी गरज नाही हे तिला कळलंय. मला कळलंय. आणखी काय सांगायचं?"

वहिनींनी आपल्या परीने प्रयत्न केले. संध्याकाळी जेवताना दिवसभराच्या कामाचा विषय काढायच्या. "आज एका गाडीचा पंखा बंदच होईना, किल्ली काढली तरी फिरत होता. काय असेल हो?"

"रिले चिकटला असेल," उस्ताद म्हणाले. मग घास हातात तसाच ठेवून विचारलं, "तू बदललास ना तो?"

वहिनींनी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

"मला बरं वाटावं म्हणून विचारत जाऊ नकोस."

त्यानंतर खरंच अडलं तरच त्या विचारत. तसं अडणंही हळूहळू कमी होत गेलं.