डोंग्यातून पाहिलेली विमानं

विमानं पाहायला माणसं मैदानात जातात, नाहीतर गच्चीवर चढतात. आम्ही डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत, बसून गेलो होतो. ही अक्कल आमच्या आबांची. आबा म्हणजे वडिलांचे वडील. उंद्रीच्या बाजारात वांगी-मिरची नेणारा माणूस, पण विमानाचं भारी वेड. आभाळात घरघर ऐकू आली की हातातलं खुरपं टाकून धावत अंगणात यायचे, आणि विमान दिसेनासं झालं तरी त्यांची मान खाली यायची नाही.

महाराष्ट्र नवानवा होता तेव्हाची गोष्ट. आमच्या गावाजवळ धरण झालं होतं आणि त्या हिवाळ्यात बातमी आली, की नागपूरकडून तीन विमानं येणार, धरणाच्या पाण्यावर कसरती करून दाखवणार. आबांनी लगेच नवं धोतर धुऊन ठेवलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं वडील म्हणायचे, पण हळूच. मोठ्यानं म्हणायची त्यांची छाती नव्हती.

खरी आस होती ती माझ्या आईला. आई जळगाव जामोदची. माहेरी असताना सातपुड्याच्या अंगाला एकदा विमान दिसलं होतं म्हणे, पण माशीएवढं. लग्न होऊन आमच्याकडे आली आणि तिचं आभाळच बंद झालं. आमच्या घरी सुनेनं सासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा, मान वर करायची नाही आणि सरळ बोलायचंही नाही. बोलायचं ते पोरांच्या तोंडून. घरात पोर मी एकटीच. "आबाले इचार, भाकर वाढू काय?" असं आई मला म्हणायची, आणि आबा हातभर अंतरावर बसलेले असायचे. त्यांना ऐकू आलेलं असायचं, तरी मी पुन्हा विचारायची, आणि ते मला सांगायचे, "वाढ म्हणावं." मला या सगळ्याचा भयंकर राग यायचा. अजूनही येतो.

आता विमान आलं की आबा अंगणात येणार, आणि आबा अंगणात आले की आई पदर ओढणार. म्हणजे आबांना जेवढी विमानं दिसली तेवढी आईची हुकली. मग चुलीपाशी मला विचारायची, "कसं होतं, सांग ना." मी हात पसरून सांगायची. पण सांगून कुठं विमान दिसतं? "एक डाव आपल्या डोयानं पाह्यचं हाय मले," ती म्हणायची.

धरणावर बायकांची जागा मागे, बाभळींच्या खाली ठेवली होती. तिथून बाभळीच दिसल्या असत्या. पुढे पुरुषांची ही गर्दी! तेव्हा आबांनी मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या भोयाला गाठलं आणि पाण्यातून पाहायचं ठरवलं. वडील बैल धरून काठावरच थांबणार होते, कारण विमानाच्या आवाजानं बैल बुजले असते तर गाडी थेट घरी गेली असती. राहिलो आबा आणि मी. मी ऐन वेळी आईशिवाय डोंग्यात बसत नाही म्हणून असं भोकाड पसरलं, की चार माणसं बघायला लागली. आबा वैतागून म्हणाले, "घे बाप्पा तुह्या मायलेबी." आईनं पदरातूनच माझा हात दाबला. ते भोकाड आम्हा दोघींचं आधीच ठरलेलं होतं.

मग जागेचा शोध सुरू झाला. भोयाला वाटत होतं, कुठंही थांबलं म्हणजे झालं, आभाळ काय सगळीकडे सारखंच. आबांना ते पटणारं नव्हतं. त्यांनी उपरण्याच्या गाठीतून मूठभर कुटार, म्हणजे भुसा, काढलं आणि खळ्यावर धान्य उफणताना बघतात तसं हवेत सोडून वारा बघितला.

"आबा, इमानं उफणाची हायेत काय?" भोयानं विचारलं.

"तू वल्हं मार बे. वाऱ्यानं डोंगा फिरला तं इमान एकीकडं अन् आपलं तोंड एकीकडं."

पहिली जागा आबांना उन्हामुळे नापसंत झाली. दुसऱ्या जागी पाण्यातून बुडालेल्या पळसाचे शेंडे वर आले होते, ते आडवे येतील म्हणाले. तिसऱ्या जागी दुसरा एक डोंगा आधीच उभा होता, त्याच्याशी भांडण करायला वेळ नव्हता. शेवटी चौथी जागा सापडली आणि खरं सांगायचं तर ती अव्वल होती. ऊन बाजूला, समोर धरणाची अख्खी भिंत मोकळी, आणि विमानं भिंतीवरूनच येणार होती. भोयानं लंगर सोडला. लंगर म्हणजे फुटक्या जात्याची तळी, मधल्या भोकातून दोर ओवलेला. डोंगा वाऱ्याला लागून वळला आणि थांबला. दोर बांधलेल्या टोकाला भिंतीकडे तोंड करून आबा, मध्ये मी आणि भोई, आणि भिंतीकडच्या टोकाला आई.

आणि तिथंच सगळं मुसळ केरात गेलं. आबांचं तोंड भिंतीकडे, म्हणजे आईकडे. आईला विमानं बघायची तर सासऱ्याकडे पाठ करावी लागणार, आणि सासऱ्याकडे पाठ करून बसणं हे उघड्या डोक्यानं बसण्याइतकंच वाईट. ती बिचारी आडवी बसली, पदर ओढून, मान खाली.

विमानं आली. तिन्ही एकदम, इतकी खाली की डोंग्याच्या फळ्या थरथरल्या. काठावर आरडाओरडा झाला. आबा तर अर्धे उभेच राहिले. मी ओरडले, "माय, वर पाह्य ना!"

"दिसते मले," ती म्हणाली. ती पायाखालच्या फळीकडे बघत होती.

विमानं डोंगरामागे गेली. मी रडायला लागले, आता खरंखुरं. आबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आईच्या वाकलेल्या डोक्याकडे. विमानांचा आवाज पुन्हा जवळ यायला लागला, तसे ते एकदम म्हणाले, "दोर ढिला होऊन राह्यला."

"नाही आबा, लंगर पक्का हाय," भोई म्हणाला.

"तू गप राय. तिकडं पाह्य तू बी, वर." एवढं बोलून आबा उलटे फिरले. आमच्याकडे आणि भिंतीकडे पाठ करून त्यांनी दोन्ही हातांनी दोर धरला आणि मान खाली घालून पाण्याकडे बघत बसले.

आईला समजायला एक क्षण लागला. मग ती भिंतीकडे वळली आणि तिनं मान वर केली. पदर आपोआप खांद्यावर आला. त्या विमानांनी काय काय केलं ते मला धड आठवत नाही. एक उलटं झालं, एक सरळ वर चढून पडल्यासारखं खाली आलं. आई तोंडावर हात न ठेवता हसत होती. एवढ्या मोठ्यानं हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. आणि तिच्या हसण्याच्या पलीकडे आबांची पाठ. अगदी डोक्यावरून विमानं गेली तरी ती मान वर झाली नाही. महिनाभर ज्याला दुसरा विषय नव्हता तो माणूस लंगराचा दोर बघत बसला होता.

सगळं संपल्यावर आबा मोठ्यानं खाकरले, दारातून आत येण्याआधी खाकरायचे तसे. आईनं पदर घेतला. मग ते वळले.

दुसऱ्या दिवशी घरात काही बदललं होतं असं नाही. पदर नाकापर्यंत, भाकरीचा निरोप माझ्या तोंडून. मी चिडून आईला म्हटलंही, "एवढंच होतं तं 'पदर राहू दे' म्हणायले काय झालं होतं त्याईले?" आई म्हणाली, "नाही म्हणता येत त्याईले. तुले नाही समजत."

पुढे पंधरा-वीस दिवसांनी ओसरीवर पाहुणे बसले होते. विमानांचा विषय निघाला आणि आबा रंगात येऊन सांगायला लागले, जणू सगळं बघितलं होतं. "एक इमान उलटं झालं, अन् मंग असं उजवीकडं वळलं..."

"डावीकडं," आतून आवाज आला.

सुनेनं भरल्या बैठकीत बोलायचं, तेही सासऱ्याला खोडून! मी दारात उभी होते, माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. आता आबा काय म्हणतात या भीतीनं मी त्यांच्याकडे बघत होते.

आबांनी सुपारी गालात सारली. "हाव, डावीकडं," ते पाहुण्यांना म्हणाले. "सूनबाईनं पाह्यलं हाय ते. मी तं दोर धरून बसलो होतो."