पाद्रीणबाईंचं ताट

तौनो कार्पिनेनने भरलेलं काडतूस म्हटलं की उत्तरेकडच्या काइनू प्रांताच्या जंगलात कुणी उलट प्रश्न विचारत नसे. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, शेजारच्या खोलीत बसून तो काडतुसं स्वतः भरायचा आणि गावच्या शिकारमंडळातले निम्मेअधिक लोक तीच वापरायचे. गोळी अर्थातच शिशाची. मूस म्हणजे सांबरासारखं, पण घोड्याहून थोराड जनावर. शिसं आत शिरलं की फुटून पसरतं आणि जनावर लगेच बसतं. दुकानात तांब्याच्या गोळ्या येऊन बरीच वर्षं झाली होती, पण कुणी त्यांचं नाव काढलं की तौनो म्हणायचा, "तांबं कॉफीच्या किटलीला ठीक आहे."

यात नुसता हट्ट नव्हता. एकदा त्याने तांब्याची गोळी वापरून पाहिली होती. गोळी मूसमादीच्या बरगड्यांतून सुईसारखी आरपार गेली आणि ती जखमी होऊन पळाली. कुत्र्यासह माग काढत तो दुसऱ्या दिवशी पोचला, तेव्हा ती दलदलीत पाय दुमडून बसलेली, जिवंत. जनावराला तडफडवायचं नाही, एवढा एकच धर्म तो मानत असे, आणि तो त्याच्या हातून मोडला होता. मग तांबं कायमचं बंद.

शिकारीनंतर बाकीचे लोक मूसचा कोथळा जागेवरच टाकून देत, कावळ्या-कोल्ह्यांसाठी. तौनो आणि त्याची बायको हेल्वी मात्र तो घसरगाडीवर घालून घरामागच्या उघड्या दलदलीपर्यंत ओढत नेत. तिथल्या जुन्या पाइन वृक्षावर सोनेरी गरुडांची जोडी राहायची. मादी थोराड. खाण्याआधी ती मान ताठ ठेवून त्या ढिगाभोवती एक फेरी मारायची. मयताच्या जेवणाला आलेल्या पाद्र्याच्या बायकोनं केकचं टेबल न्याहाळावं, अगदी तशी. म्हणून हेल्वीने तिचं नाव ठेवलं पाद्रीणबाई.

हेल्वी गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. तौनो स्वयंपाकघराच्या खिडकीशी दुर्बीण घेऊन बसायचा आणि पाद्रीणबाईंशी बोलायचा. "या. आज उशीर केलात." बाईंना आधी मऊ मिळावं म्हणून तो ढिगाच्या अगदी वर गोळी लागलेलं फुप्फुस ठेवायचा. स्वतःच्या हाताने, नीट पसरून.

नोव्हेंबरात एका सकाळी पाद्रीणबाई दलदलीच्या कडेला खाली बसलेल्या दिसल्या. पंख लोंबलेले. तौनो जवळ गेला तरी उडाल्या नाहीत. त्याने त्यांना कोटात गुंडाळलं आणि तालुक्याच्या गावी नेलं. तिथली पशुवैद्य साइला त्याच्या कुत्र्यांमुळे ओळखीची होती.

साइलाने क्ष-किरणाचा फोटो प्रकाशासमोर धरला. गरुडाच्या पोटात मोहरीहून बारीक पांढरे ठिपके होते.

"हे काय?" तौनोने विचारलं.

"शिसं. रक्तात भिनलंय आता. तौनो, ही वाचायची नाही. मी तिला शांतपणे झोपवते."

"कुणी गोळी घातली हिला?"

"गोळी नाही घातली कुणी. हिने खाल्लंय. गोळी लागलेल्या मांसात हा चुरा विखुरतो, हाताला लागतसुद्धा नाही. कोणीतरी टाकलेला कोथळा असणार. तुमच्याकडे टाकतात ना जंगलात?"

"टाकतात," तौनो म्हणाला. तो शेवटपर्यंत त्या कोटाला धरून उभा राहिला.

त्या हिवाळ्यात त्याने खिडकीला पडदा लावला. नर एकटाच पाइनवर बसलेला असायचा, तो बघवत नव्हता. कोथळा पुरून टाकला की झालं, असं त्याने स्वतःला समजावून पाहिलं. पण जंगलभर इतरांचे कोथळे पडत, आणि त्यांतल्या गोळ्याही त्याच्याच. नर उपाशी राहणार नव्हता. तो तेच खाणार होता.

वसंतात मंडळाची बैठक भरली. कॉफी, वेलचीचा गोड पाव, कुत्र्यांच्या बढाया. तौनो उठून म्हणाला, "यंदा मी शिशाची काडतुसं भरणार नाही. तांब्याची भरीन."

"ऐका हो ऐका!" त्याचा बाळपणीचा मित्र रेइयो ओरडला. "किटली आणू का रे वितळवायला? इतकी वर्षं आम्हाला कोण शिकवत होतं?"

"मीच."

"मग आता काय, पक्षी वाचवायला निघालेल्या शहरातल्या पोरींनी भरवलं काय डोक्यात?"

"पाद्रीणबाईंना मी मारलं," तौनो म्हणाला. "ताट वाढून मारलं."

रेइयोने खाली बघत किटली पुढे सरकवली. "कॉफी घे," तो म्हणाला. "मलाही तांब्याचीच भर."

उन्हाळाभर तौनो भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर गोळ्या झाडत राहिला. आणि तिथेच त्याला उमगलं. त्या मूसमादीच्या वेळी त्याने तांब्याची गोळी शिशाच्या मापाने भरली होती : जड आणि संथ. तांब्याला हलकी गोळी आणि जादा वेग लागतो, तरच ते आत शिरल्यावर टोक फाकून उमलतं. खोट तांब्यात नव्हती. तरी त्याने मनाला बजावलं, कागद वेगळा आणि जनावर वेगळं.

ऑक्टोबरात हंगाम उघडला. पहिल्याच सकाळी कुत्र्याने एक नर मूस त्याच्या समोर आणला. तौनोने श्वास धरला आणि गोळी झाडली. मूस जरासा धावला, बर्चच्या दोन झाडांमध्ये थबकला आणि खाली बसला. तौनो पोचेपर्यंत सगळं शांत झालेलं होतं. पलीकडच्या कातड्याखाली गोळी सापडली, फुलासारखी उमललेली, अख्खी.

रेइयो धापा टाकत आला. त्याने तौनोच्या पाठीत थाप मारली. "शाबास! बघ लेका, तांबंही मारतं की! उगाच घाबरत होतास."

तौनो मूसशेजारी गवतावर बसला. ती गोळी त्याच्या तळहातावर होती.

"रेइयो," तो म्हणाला, "हा पळून जायला हवा होता."

"वेड लागलंय का तुला?"

"हा पळाला असता, तर निदान म्हणता आलं असतं की इतकी वर्षं शिशाशिवाय मला इलाजच नव्हता."