निमकर बाईंचे क्लिंगॉन प्रत्यय

फणसवाडीतला आमचा क्लिंगॉनचा वर्ग बंद पडला, पण मी आणि परब भेटलो की एक किस्सा निघतो, त्याला धरून दुसरा, आणि चहा गार होतो. क्लिंगॉन म्हणजे परग्रहावरच्या लढवय्यांसाठी रचलेली भाषा. शिकवायच्या निमकर बाई. संस्कृतच्या रिटायर्ड शिक्षिका, आता नाशिकला मुलीकडे असतात. विद्यार्थी दोनच, मी आणि लालबागचा मसालेवाला परब!

* * *

क्रियापदाला नऊ प्रकारचे प्रत्यय, तेही ठरलेल्या क्रमानं. पाठ व्हावेत म्हणून परबनं ते दुकानातल्या डब्यांवर खडूनं लिहिले. 'मोख' म्हणजे आपल्या 'करवणे'तला 'व'.

एका गिऱ्हाईक बाईनं विचारलं, "हा मोख मसाला माशाला चालतो का हो?"

"चालत नाही ताई, चालवतो!"

* * *

'नेष' हा आदराचा प्रत्यय. परब वैतागला. "बाई, भांडकुदळ लोकांची भाषा ही. हिच्यात अहो-जाहो कशाला?"

"भांडतानाच जास्त लागतं. गिरगावात कधी भांडला नाहीत वाटतं?"

* * *

एकदा परबच्या हातून बाईंचा कप फुटला. त्यानं ऐटीत क्लिंगॉनमध्ये कबुली दिली, शेवटी 'ता' लावून.

बाई म्हणाल्या, "'ता' ठरवून केलेल्या कामाला लागतो. मुद्दाम फोडलात?"

* * *

'आवडणे'ला क्लिंगॉनमध्ये मूळ शब्दच नाही! 'नावडणे'ला उलटवणारा प्रत्यय लावायचा, की झालं आवडणे. परबच्या घरी हे घोकत होतो. वहिनी पोहे घेऊन आल्या. "तीस वर्षां झाली, मी तांच करतंय!"



* * *

'विप' हा भिण्याचा प्रत्यय. इथे बाई फार कडक. "'तो भितो' म्हणा, 'ते भितात' म्हणा. 'मी भितो' व्याकरणात बसतं, पण क्लिंगॉन माणूस ते तोंडातून काढत नाही." परब दर वेळी चुकायचा आणि बोलणी खायचा.

मग बाईंचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मुलगी वाटेत अडकली होती, म्हणून सकाळी परेलच्या हॉस्पिटलात आम्ही दोघंच. वॉर्डबॉय स्ट्रेचर आत न्यायला आला. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे दिला, परबचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "जिखोंगविप."

म्हणजे, मी झोपायला भिते.

वॉर्डबॉय थांबला. मी खाली बघत राहिलो. परबनं दुसरा हातही बाईंच्या हातावर ठेवला.

"बरोबर आहे बाई," तो म्हणाला. "प्रत्यय अगदी जागेवर आहे."