फोटोखालचं पान

आज मी शिकवते त्या शाळेत मुलींनी विज्ञान अंकासाठी मैद्याची खळ शिजवली. तो कोमट, कच्चट वास नाकात शिरला आणि मी माजलगाव भागातल्या आमच्या गावच्या शाळेत, नववीच्या वर्गात जाऊन पोचले.

दुष्काळाचं साल होतं. हस्तलिखित विज्ञान अंकाची मी संपादक, कारण माझं अक्षर चांगलं. माझ्या बाकावरच्या मंगलनं लेख दिला होता. दर शनिवारी पोहऱ्याचा दोर सोडून तिनं गावातल्या सात विहिरींचं पाणी मोजलं होतं. उसाजवळच्या विहिरी आधी आटल्या, एवढंच तिनं लिहिलं होतं.

अंकाचा कागद साखर कारखान्यानं दिलेला. सर म्हणाले, "प्रकाशन चेअरमन साहेबांच्या हस्ते हाय. मंगलच्या पानावर त्यांचा फोटो चिकटव."

मी खळ लावली. मंगल शेजारीच उभी होती.

"माझं मोजलेलं चुकलं का गं?"

"न्हाई."

"मंग कावून?"

मी फोटोला सुरकुती पडू नये म्हणून कडा दाबत राहिले.

अंकाला सुबक मांडणीचं बक्षीस मिळालं. दिवाळीनंतर मंगल आईबापासंगं ऊसतोडीला गेली, ती शाळेत परतलीच नाही.

आता मी विज्ञानलेखन स्पर्धांची परीक्षक असते. 'न घाबरता लिहा,' म्हणून सांगते, टाळ्या घेते. तो अंक अजून माझ्या कपाटात आहे. पान उजेडाकडे धरलं की चेअरमनच्या पांढऱ्या सदऱ्यातून मंगलचे आकडे दिसतात. माझ्या वर्गातल्या मुलींना मी तो आजवर दाखवलेला नाही.