कोरी कॅसेट कोरी वाजवणारा डेक

डेकच्या हेडवर टेपचा तपकिरी भुगा साचतो, तसे दुकानात किस्से साचत जातात. भुगा मी स्पिरिटनं पुसायची. किस्से पुसले जात नाहीत.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. वारंगा फाट्यावर माझं रेडिओ-टेपचं दुकान होतं. शाळेचं तोंड न पाहता मी सर्किटचे नकाशे वाचायला शिकले. 'बाई काय रिपेर करणार' म्हणणाऱ्यांचे रेडिओ शेवटी माझ्याच टेबलावर यायचे. जोडीला रज्जाकभाई मिस्त्री. ट्रकवाले मुंबईहून फॉरेनचे जुने डेक आणायचे. गिऱ्हाईक बघायचं आवाज किती मोठा. मी कोरी कॅसेट लावायची. ती ज्यावर कोरी ऐकू येते, तो डेक चांगला.

*

कुरुंद्याचा एक हळदवाला आला. कोरी कॅसेट फिरली आणि स्पीकरमधून कोणी म्हातारं खोकलं.

"हा तर आमच्या अण्णांचा खोकला," हळदवाला म्हणाला. "आमी तर त्यांना जाळून आलो. हे इथं येऊन बसले व्हय?"

चपला दुकानातच राहिल्या त्याच्या.

"कॅसेट नीट पुसली नसंल, आक्का," रज्जाकभाई म्हणाले.

"सील मी फोडलं. मग अण्णांना भरलं कोणी?"

*

एका दुपारी त्याच डेकवर गाणं चालू असताना लाईट गेली. पंखा थांबला. डेक थांबला नाही.

"सेल असतील," रज्जाकभाई म्हणाले.

मी मागचं झाकण काढून दाखवलं. सेलची जागाच नव्हती. गाणं संपलं, तेव्हाच डेक थांबला.

त्या दिवसापासून दुकानाचा नियम झाला. लावलेलं गाणं मधेच बंद करायचं नाही.

*

एका ड्रायव्हरनं हसून त्याच डेकचं बटण दाबलं. गाणं थांबलं. मग बटण आपोआप वर आलं आणि गाणं पुढं सुरू.

"कोणी केलं?"

"ज्याचं गाणं, त्यानं," रज्जाकभाई म्हणाले. ड्रायव्हर शेवटपर्यंत हात जोडून बसला.

*

डोंगरकड्याची शांता आली. नवरा भीमगीतं गायचा, तो गेला. त्याच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती. गाणं संपल्यावर तो काहीतरी बोलतो, ते तिला कधीच कळलं नव्हतं.

"ते एक वाक्य ऐकू येईल असा डेक द्या, मावशी. बाकी कसाबी चालंल."

पहिल्या डेकवर नुसती खरखर. दुसऱ्यावर आवाज पाण्याखालून आल्यासारखा.

"टेप झिजून राहिली," मी म्हटलं. "आता एकदाच लावू."

*

राहिला तो अण्णांचा डेक. रज्जाकभाई नको म्हणत होते. मी हेड पुसलं आणि लावला. गाणं स्वच्छ आलं. शांता मधेच उठली.

"लेकरू सासूपाशी निजवून आले, मावशी. बस चुकंल."

"बस खाली. नियम हाय."

गाणं संपलं. खरखर नाही, काही नाही.

"शांते," तो शेजारी बसल्यासारखा म्हणाला, "वारंग्याला काहून आलीस? लेकरू हौदापाशी गेलंय."

ती पळाली. रज्जाकभाईंनी ट्रक थांबवून तिला बसवलं.

दिवेलागणीला ती परत आली. लेकरू कडेवर, केस ओले, अजून ठसकत होतं.

आम्ही कॅसेट पुन्हा लावली. गाणं संपलं. पुढं टेप कोरी होती.

"हाच द्या," शांता म्हणाली.