माळढोक आणि आमचं एकमत

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले आणि म्हणाले, "एकदा माळढोक बघायचाय." नोकरीत असताना कामासाठी राजस्थानात गेले होते, तेव्हा ट्रकमधून त्यांना तो पक्षी चालताना दिसला होता. जैसलमेरच्या पुढे वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात तो अजून आहे, असं मी इंटरनेटवर शोधून काढलं. तेव्हा इंटरनेट लावलं की फोन बंद पडायचा, त्यामुळे आईची बोलणी वेगळी.

मी हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत होते. जेवणाच्या सुट्टीत उद्यानाच्या कार्यालयात फोन लावायचे. उचलायचं कुणी नाही. एकदा उचलला आणि पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "आ जाइए, फिर देखते हैं."

"म्हणजे काय?" बाबा म्हणाले. "परवानगी हातात नसताना एवढ्या लांब जायचं?"

"बाबा, परवानगी तिथेच मिळते."

"आणि पक्षी नक्की दिसेल?"

"तशी हमी कोण देणार?"

"मग विचारून ठेव."

मी कुणाला विचारणार होते? पक्ष्याला?

त्यात ताईला कळलं. वाघोलीहून ती, भावजी आणि मुलं रविवारी आमच्याकडे आली ती ट्रॅव्हल कंपनीचं माहितीपत्रक घेऊनच. "नुसतं वाळवंट काय बघायचं? जयपूर, उदयपूर करू. जेवण मराठी आहे." त्या सहलीत उद्यान नव्हतंच.

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "चालेल. सगळ्यांचं होतंय ना!"

"अहो बाबा, पण तुम्हाला माळढोक बघायचाय ना?"

"वाटेत दिसला तर दिसला."

मला इतका संताप आला की मी चहाचे कप उचलून आत गेले. थोड्या वेळाने ताईच आत येऊन म्हणाली, "मुलांच्या परीक्षा आहेत गं. मे महिन्यात जाऊ या का?"

"मे महिन्यात? वाळवंटात?" मी ओरडलेच. "तुम्ही जा उदयपूरला. मी बाबांना घेऊन जाते."

ताई महिनाभर बोलली नाही. आईने गुडघे पुढे केले आणि घरीच राहिली. ऑफिसात साहेबांनी, "वाळवंटात नेटवर्क असतं का?" असं विचारून नाइलाजाने रजा दिली. मी जोधपूरची तिकिटं काढली. अख्ख्या प्रवासात बाबा एकच वाक्य बोलत होते, "परवानगी नाही हं आपल्याकडे."

जैसलमेरला उद्यानाच्या कार्यालयात परवानगी टेबलावरच मिळाली. मी बाबांकडे बघितलं, ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरने जीप थांबवून लांब बोट दाखवलं. बाबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली ती लावलीच. मला नुसत्या डोळ्यांनी गवतात एक तपकिरी दांडकं दिसत होतं.

"बाबा, मला बघू द्या ना."

"थांब की जरा," ते म्हणाले. "केवढी घाई तुला!"