कप्तानाची चिठ्ठी

मास्तरांनी बास्केटबॉलचा हा संघ हाती घेतला, तेव्हा आधीच्या हंगामात तीस सामन्यांपैकी चार जिंकलेले होते. मध्यंतर झालं की प्रेक्षक गाड्या काढायला निघत. मालकांनी तीन नामांकित प्रशिक्षक आणून पाहिले, तिघांनीही हात टेकले. मग शाळेत खेळ शिकवणाऱ्या या माणसाला बोलावणं गेलं, कारण दुसरं कोणी यायला तयार नव्हतं.

पहिल्याच वर्षी मास्तरांच्या हातून घडू नये ते घडलं. ओळीने अकरा सामने हरले होते. बाराव्याच्या आधी कप्तान गुडघ्याला पट्टी गुंडाळत बसला होता आणि "बरा आहे गुडघा" म्हणत होता. मास्तरांनी त्याला मैदानात उतरवलं. तिसऱ्या सत्रात चेंडू झेलून खाली येताना तो गुडघा भलत्याच बाजूला वळला. कप्तान पुन्हा कधी खेळला नाही. संघाने तो सामना मात्र जिंकला, आणि लोकांनी मास्तरांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. त्या अभिनंदनाची मास्तरांना आयुष्यभर किळस येत राहिली.

वर्षभर कप्तान घरी पडून होता. मग तो पट्ट्या बांधायचं, मालिशीचं, दुखापतीनंतरच्या व्यायामाचं काम शिकला आणि एक दिवस मास्तरांच्या दारात येऊन उभा राहिला. "नोकरी द्या," म्हणाला. "पण एका अटीवर. सामन्याआधी मी चिठ्ठी देईन. चिठ्ठीत नाव असेल तोच खेळेल."

मास्तरांनी ती अट मालकांच्या गळी उतरवली. "सामना चिठ्ठी खेळणार की खेळाडू?" म्हणून मालकांनी थयथयाट केला. एकदा तर सगळ्यात जास्त गुण करणारा गडी चिठ्ठीत नव्हता आणि संघ एका गुणाने हरला. तरी पुढच्या सामन्यालाही मास्तरांनी चिठ्ठीच पाळली. तेव्हापासून पोरांचा विश्वास बसला. इतर संघांत खेळाडू दुखणं लपवून गोळ्या गिळत. इथे ते आपणहून येऊन "कप्तान, पोटरी धरलीय" म्हणून सांगू लागले. वेळेवर विश्रांती, वेळेवर इलाज. हंगामाच्या शेवटी बाकीचे संघ लंगडत असायचे, तेव्हा यांचे पाय शाबूत असायचे. नऊ विजय, मग बारा, मग पंधरा. जादूबिदू काही नव्हती, नुसती चिकाटी होती. आठव्या वर्षी गाडी इथवर आली की शेवटचा सामना जिंकला, तर संघ बाद फेरीत जाणार होता.

त्या दुपारी कपडे बदलायच्या खोलीत मास्तरांनी चिठ्ठी वाचून दाखवली. अकरा नावं वाचून त्यांनी ती घडी करून खिशात घातली.

शिडी बुटांच्या नाड्या बांधून अर्धवट उठला होता. संघातला सगळ्यात उंच, म्हणून त्याला शिडी म्हणत. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा गुडघा सुजला होता आणि त्याने तो त्याच संध्याकाळी येऊन दाखवला होता. तो गुपचूप खाली बसला.

"मास्तर, एक नाव राहिलं," कप्तान म्हणाला.

"राहिलं नाही. मी गाळलं."

कप्तान त्यांना शेजारच्या चेंडूंच्या खोलीत घेऊन गेला आणि त्याने दार लावलं.

"त्याचा गुडघा ठणठणीत आहे. जिने चढवले, उड्या मारून घेतल्या, एका पायावर बसवलं."

"तुझाही बराच होता म्हणे."

"मी खोटं बोललो होतो. आणि तुम्हाला ते कळलं होतं."

हे वाक्य ऐकायला लागेल या धास्तीत मास्तरांनी सात वर्षं काढली होती. ते चेंडूंच्या जाळीला टेकले.

"सूज दिसली होती मला," ते म्हणाले. "पण बारावी हार नको होती."

"माहीत आहे. मी आरशातून तुमच्याकडेच बघत होतो."

"मग परत कशाला आलास रे?"

"तुमच्यापासून या पोरांना वाचवायला. चिठ्ठी तुमच्यासाठीच होती, मास्तर. दुखणाऱ्याला तुम्ही उतरवू नये म्हणून. आज तुम्ही धडधाकट माणसाला बसवताय, तेही माझ्या गुडघ्यापायी. त्याने खरं सांगितलं, त्याची ही शिक्षा? उद्यापासून कोण येईल माझ्याकडे? सगळे पुन्हा लपवायला लागतील. इतक्या वर्षांचं केलंसवरलं पाण्यात जाईल."

मास्तरांना वाईट वाटलं आणि लाजही वाटली. पण भीती जाईना. "पुन्हा झालं तर?" त्यांनी विचारलं.

"झालं तर माझ्या सहीने होईल. जबाबदारी माझी. तुम्ही फक्त वाचा."

मास्तर परत आले आणि त्यांनी पहिल्यापासून सगळी नावं वाचली. बारावं नाव शिडीचं होतं. शिडी उठून मास्तरांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघांचे गुण सारखे होते. शिडीने उंच उडी घेतली तेव्हा मास्तरांची नजर त्याच्या हातांकडे नव्हतीच, ती गुडघ्यावर खिळलेली होती. पाय जमिनीला टेकले, गुडघा वाकला, सरळ झाला. मग एकच गलका उठला. बाकावरची पोरं उड्या मारत मैदानात धावली.

"काय झालं?" मास्तरांनी कप्तानाला विचारलं.

"अहो, जिंकलो! गेलो बाद फेरीत!"

मास्तर गर्दीत घुसले. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. त्यांनी शिडीसमोर खाली बसून त्याचा गुडघा दोन्ही हातांनी चाचपला.

"दुखतंय का?"

"नाही हो, मास्तर. उठा ना, लोक बघताहेत."

"खरं सांग."

"तुमच्यापासून कशाला लपवू?" शिडी म्हणाला.

मास्तर उठले नाहीत. त्या गुडघ्याला कपाळ टेकवून ते रडू लागले, आणि कप्तान लंगडत त्यांच्यापाशी येऊन बसला.